मालकाची चूक आणि सेवकाची जीभ



मागल्या वारीतली गोष्ट. दिवे घाट चढून सोहळा सासवडच्या तळावर विसावला होता. पाय चेपीत आम्ही राहुटीत बसलो होतो. तेवढ्यात दिंडीतला एक तरणा मुलगा जवळ येऊन बसला. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात तो पत्रा दाबण्याच्या प्रेसवर काम करतो. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "बुवा, एक विचारू? मालक चुकत असला, तर त्याला सांगावं का?"

आम्ही म्हटले, "आधी चूक कोणती ते सांग."

तो सांगू लागला. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. हेतू हा, की दाब खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बटणावर असावेत, पत्र्यापाशी नसावेत. पण त्यांच्या साहेबाने एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवायला सांगितले आहे. मग एका हाताने बटण दाबायचे, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. तासाला नग जास्त निघतात. "बुवा, साहेब वाईट नाही हो. त्याच्यावरही वरून दडपण आहे. पण सांगितलं तर नोकरी जायची भीती, आणि नाही सांगितलं तर कुणाचा तरी हात जायची भीती. काय करू?"

राहुटीत आणखी चारपाच जण होते. एक म्हातारबाबा लगेच म्हणाले, "पोरा, मोठ्याच्या तोंडी लागू नये. आपण आपलं काम करावं, बाकी पांडुरंगावर सोपवावं." दुसरा एक गडी उसळून म्हणाला, "अरे, भ्यायचं कशाला? चारचौघांत उभं राहून तोंडावर फेकायचं. सत्याला कसली आलीय भीड?"

पोरगा आमच्याकडे पाहू लागला. त्या रात्री त्याला जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते सगळे या लेखात मांडतो आहोत. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. शाळेतल्या मास्तराला हेडमास्तरांपुढे, एस. टी.च्या ड्रायव्हरला आगारात, दवाखान्यातल्या नर्सबाईला डॉक्टरांपुढे, शेतातल्या गड्याला बागायतदारापुढे हाच प्रश्न पडतो. वारी पंधरा-वीस दिवसांची. बाकीचे सारे वर्ष आपण कोणाच्या तरी हाताखालीच काढतो.

पहिले उत्तर पाहू. गप्प बसावे, देवावर सोपवावे. ऐकायला हे नम्रतेसारखे वाटते. पण कीर्तनात काय होते ते आठवा. बुवा रंगात येऊन बोलत असतात आणि ऐन वेळी प्रमाणाचा चरण आठवत नाही. तेव्हा मागे उभा असलेला टाळकरी काय करतो? "बुवा मोठे, आपण कशाला बोला?" म्हणून गप्प राहतो का? नाही. तो हळूच तो चरण उचलून धरतो. बुवांना धागा मिळतो, कीर्तन पुढे जाते आणि श्रोत्यांना कळतही नाही. गायकाची लय सुटू लागली तर मृदंगी वादन थांबवून "तुम्ही चुकलात" असे ओरडत नाही, आणि त्याच्या मागोमाग बेतालही होत नाही. तो आपला ठेका जरा ठळक करतो. गायक समेवर परत येतो. जो टाळकरी बुवांना अडलेले पाहूनही तोंड मिटून उभा राहिला, त्याला आपण नम्र म्हणू का? तो सेवेला चुकला. मालकाच्या कामाचे मीठ खायचे आणि ते काम बिघडताना पाहत बसायचे, हीही एक प्रकारची चोरीच आहे. आणि पांडुरंगावर सोपवायचे म्हणता, तर आपल्या हातातले करून झाल्यावर सोपवायचे, करण्याआधी नव्हे.

आता दुसरे उत्तर. तोंडावर फेकावे. याविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो, कारण तरुणपणी आम्ही ते करून पाहिले आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्यांनी भोगले आहे. ती गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो.

तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या गोदामात आम्ही हिशेबनीस होतो. गोदामावर दहा-बारा हमाल. त्यांची मजुरी आठवड्याची, शनिवारी मिळायची. शनिवारीच गावचा बाजार. पण आमच्या साहेबांची रीत अशी, की आठवड्याचा सगळा हिशेब जुळल्याशिवाय मजुरीच्या पत्रकावर सही करायची नाही. हिशेब जुळता जुळता दिवस मावळायचा. हमालांच्या हातात पैसे पडेपर्यंत बाजार उठलेला. मग बिचारे दुकानदाराकडून उधारीने, चढ्या भावाने जोंधळे नि तेलमीठ न्यायचे. साहेब लबाड नव्हते. पैशाला चोख. हमालांच्या चुलीचा विचारच त्यांच्या डोक्यात आला नव्हता, एवढेच.

आम्हांला ते रोज टोचायचे. पण साहेबांजवळ जाऊन बोलण्याचे धैर्य नव्हते. धैर्याच्या जागी आम्ही राग साठवला. चहाच्या टपरीवर बसून साहेबांची टिंगल करायची, त्यांच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करायची. (आजकाल हे काम मोबाइलवरच्या गटात चालते म्हणतात. जागा बदलली, खोड तीच.) आणि एके दिवशी संस्थेचे पंच बैठकीला आलेले असताना, कशावरून तरी शब्द निघाला आणि आम्ही सर्वांसमक्ष बोलून गेलो, "आमच्या साहेबांना आकडे दिसतात, माणसांची पोटं दिसत नाहीत!"

वाक्य खरे होते. दोघे पंच हसले. आमची छाती वीतभर फुगली. साहेबांचा चेहरा मात्र काळवंडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी हुकूम काढला, की यापुढे मजुरी शनिवारी नव्हे, हिशेबाची पूर्ण तपासणी झाल्यावर सोमवारी मिळेल. नियमाप्रमाणे त्यांचे काहीच चुकले नव्हते.

त्या सोमवारी हमालांतले एक वडीलधारे माळकरी पैसे मोजून घेताना आम्हांला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही बोललात ते खरंच होतं. पण तुमच्या खऱ्यानं आमची चूल दोन दिवस आणखी विझली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. त्या रात्री झोप आली नाही. आम्ही स्वतःला विचारले, की ते वाक्य आम्ही कोणासाठी बोललो? हमालांसाठी? मग त्यांचे भले कसे होईल याचा विचार बोलण्याआधी का केला नाही? खरी गोष्ट ही, की ते वाक्य आम्ही आमच्यासाठी बोललो. चारचौघांत साहेबांना खाली पाहायला लावण्याची गोडी चाखायची होती. हमालांचे पोट हे नुसते निमित्त. सत्य हातात होते, पण ते आम्ही दिव्यासारखे न धरता दगडासारखे मारले.

त्याच वर्षी आषाढीला रजा काढून आम्ही माउलींच्या सोहळ्यात चाललो. संध्याकाळी तळावर समाजआरतीला उभे होतो. समाजआरती आपण सर्वांनीच पाहिली आहे, पण त्या दिवशी आम्ही ती नव्या डोळ्यांनी पाहिली. पालखी मधोमध येते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवीत नाही. सगळा तळ शांत, आणि तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय अडले आहे ते ऐकतात, निवाडा करतात. कोणाचे काय हरवले, काय सापडले, तेही पुकारले जाते. दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. आणि मग आरती होते.

हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास या सोहळ्याला आजचे रूप देण्यास आरंभ केला. रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी, आणि एवढ्या मोठ्या समाजात सेवेकरी आहेत, चोपदार आहेत, मानकरी आहेत. वरचा-खालचा आहे, म्हणजे चूकही आहे आणि गाऱ्हाणेही आहे. जुन्या लोकांनी गाऱ्हाणे करूच नका असा नियम केला नाही. त्याला जागा दिली, वेळ दिली, ऐकणारा माणूस दिला, आणि आरतीच्या आधीची वेळ दिली. म्हणजे मनात अढी ठेवून आरतीला उभे राहायचे नाही. शिवाय तक्रार कशाने करायची? ज्या टाळाने भजन करायचे त्याच टाळाने. शिवी नाही, आरोळी नाही. पण ठाम. सगळे थांबले तरी आपण थांबायचे नाही, कोणी येऊन ऐकेपर्यंत वाजवीत राहायचे.

आम्हांला आमचे उत्तर मिळाले. गावी परतल्यावर एका सकाळी, कचेरीत कोणी आलेले नसताना, आम्ही साहेबांपुढे जाऊन उभे राहिलो. पहिल्याने त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. माफी मागितली ती बोलण्याच्या रीतीची, म्हणण्याची नव्हे. मग म्हटले, "साहेब, बाजार पाचला उठायला लागतो. आपली सही सातला होते. मधल्या दोन तासांत हमालांचं नुकसान होतं. पत्रक मी शुक्रवारी रात्री बसून पुरं करीन. शनिवारी सकाळी आपण तपासून सही केलीत, तर दुपारी वाटप होईल. हिशेबात चूक निघाली तर जबाबदारी माझी." आणि एका कागदावर मागल्या चार आठवड्यांच्या वाटपाच्या वेळा लिहून ठेवल्या.

साहेब कागदाकडे बघत राहिले. "बघू," एवढेच म्हणाले. दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी त्यांनी आपणहून पत्रक मागितले. त्या दुपारी हमाल पिशव्या घेऊन बाजारात गेले. आमच्याशी साहेब पुढे कितीतरी दिवस मोजकेच बोलत होते, आणि आमची बढतीही लवकर झाली नाही. ते सगळे खरे. पण बाजार मिळाला.

आता कोणी म्हणेल, की ही गोष्ट लहान माणसांची. मोठ्यांच्या दरबारी असे गोड बोलून चालते का? तर रामशास्त्री प्रभुण्यांकडे पाहावे. थोरले माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले. काही काळ ते जपजाप्यात फार वेळ घालवू लागले. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. शास्त्रीबुवा कामासाठी गेले, तर पेशवे जपाला बसलेले. शास्त्री काही न बोलता परत फिरले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनी जपाची बाजू मांडली, तेव्हा शास्त्र्यांनी सांगितले त्याचा आशय असा: आपण ब्राह्मण असून राज्य अंगावर घेतले आहे, रयतेचे कल्याण पाहणे हेच त्याचे एक समर्थन. ते जमत नसेल तर गादी सोडावी आणि माझ्याबरोबर यावे, दोघेही जपतप करू. माधवरावांनी चूक मानली आणि तो क्रम सोडला.

पाहा, यात काय काय आहे. चूक दिसली त्या क्षणी शास्त्र्यांनी तोंड उघडले नाही, एक रात्र जाऊ दिली. बोलताना "तुम्ही ढोंगी" म्हटले नाही. धन्याच्या भक्तीवर शंका घेतली नाही. त्याच्या स्वतःच्याच धर्माची, म्हणजे राज्य चालवण्याची, आठवण दिली. आणि "तुम्ही जा" न म्हणता "आपण दोघे जाऊ" म्हटले.

पण याच रामशास्त्र्यांची दुसरी गोष्टही विसरू नका. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा शास्त्र्यांनी देहांताचेच प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. माणूस तोच, जीभ तीच. पहिल्या वेळी धन्याची चूक होती, म्हणून जोडून घेणारे बोलणे. दुसऱ्या वेळी पाप होते, म्हणून उघड बोलणे आणि चाकरीवर पाणी. चूक कोणती आणि पाप कोणते, हे आधी नीट पाहावे. चुकीला पापासारखे झोडपले तर माणूस दुरावतो, आणि पापाला चुकीसारखे कुरवाळले तर आपणही त्यात वाटेकरी होतो.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर आहेच. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानोबाराय ताटी लावून बसले. समोर जायचे कोणी? धाकट्या मुक्ताईने. वयाने लहान, नात्याने लहान. ताटीचे अभंग म्हणजे लहानाने मोठ्याला सांगितलेल्या चुकीचा आपल्या मराठीतला उत्तम नमुनाच. त्यांत दोष दाखवण्यापेक्षा आठवण देणे अधिक आहे. योग्याने कसे असावे, संताने काय सोसावे, म्हणजे खरे तर 'दादा, तुम्ही कोण आहात' हेच ती सांगते. ज्याला आपण त्याच्या मोठेपणाची आठवण देतो, त्याला दार उघडायला लाज वाटत नाही. ज्याला आपण त्याचा लहानपणा दाखवतो, तो आतून कडी घालतो. आमच्या साहेबांनी सोमवारचा हुकूम काढला, ती ही कडी.

इथे एक शंका येते. मग गोड बोलणे आणि लाळघोटेपणा यांत फरक काय? फरक सोपा आहे. लाळघोट्या शब्दही मऊ करतो आणि मुद्दाही मऊ करतो. मालकाच्या चेहऱ्यावर आठी दिसली, की तो अर्ध्यातून वळतो, "तसं काही नाही साहेब, आपलं बरोबर आहे." सेवक शब्द मऊ करतो, मुद्दा तेवढाच कठीण ठेवतो. आई कडू औषध मधात देते. पण मधच देऊन औषध खिशात ठेवीत नाही. बाहेर पडल्यावर स्वतःला विचारावे, 'जे सांगायला गेलो होतो, ते साहेबांना कळलं का?' नुसते त्यांना बरे वाटले आणि कळले काहीच नाही, तर आपण सांगितलेच नाही.

आणि बोलायला जाण्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: 'ही सुधारणा झाली, पण तिचे श्रेय साहेबांना मिळाले, माझे नावही कोणी घेतले नाही, तर मला चालेल का?' मन 'हो' म्हणाले तर खुशाल जावे. 'नाही' म्हणाले तर अजून एक दिवस थांबावे. अजून दगड हातात आहे.

जाता जाता एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. आपण नुसते चाकर नाही. घरात सुनेपुढे, मुलापुढे, शेतावर गड्यापुढे, दिंडीत नव्या वारकऱ्यापुढे आपण मालकच असतो. आपल्यापुढे कोणाला टाळ वाजवता येतो का? की आपला दंड वर गेला म्हणजे सगळ्यांचेच टाळ बंद? घरात कोणी आपली चूक सांगत नसेल तर आपण चुकत नाही, असे समजू नये. सांगणाऱ्याला भीती वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

असो. त्या पोराला आम्ही काय सांगितले? आम्ही म्हटले, "लेकरा, तुझं काम आमच्यासारखं नाही. आमच्याकडे एका बाजाराचा प्रश्न होता, तुझ्याकडे हाताचा आहे. म्हणून रीत सांभाळ, पण उशीर करू नकोस. परत गेलास की पहिल्याच दिवशी साहेबाला एकट्याला गाठ. नगांची त्याची अडचण आधी तू बोलून दाखव, म्हणजे तू त्याच्या बाजूचा आहेस हे त्याला कळेल. मग सांग, की एकाचं बोट गेलं तर मशीन बंद, पोलीस, भरपाई, आणि साहेब, तुमच्याही मनाला जन्माचा घोर. पट्टी काढून नग कसे वाढतील, पत्रा जवळ कसा रचता येईल, याचा काही उपाय सुचत असेल तर तो घेऊन जा. आणि तोपर्यंत तुझ्या स्वतःच्या मशीनवरची पट्टी तू काढ. ते कोणाला विचारून करायचं काम नाही."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर लिहून दे. मग त्याच्या वरच्याला सांग, पण 'मी वर सांगणार आहे' हे आधी साहेबाला सांगून सांग, पाठीमागून नको. तरीही नाही, तर सरकारचं औद्योगिक सुरक्षेचं खातं आहे, त्याच्याकडे जा. यंत्रापासून कामगाराला जपायचं ही गोष्ट १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेली आहे; तू काही भीक मागत नाहीस. तिथवर गेलास आणि नोकरीवर आलं, तर ते दुःख आहे, आम्ही ते लहान म्हणणार नाही. पण कुणाचा हात गेल्यावर जे दुःख होईल, त्याच्याशी ते ताडून बघ."

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग नमस्कार करून गेला.

कार्तिकीच्या आधी त्याचा फोन आला. साहेब पहिल्यांदा चिडले. दुसऱ्यांदा "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा स्वतः येऊन एका मशीनवरची पट्टी त्यांनी हाताने काढली. "पण बुवा, अजून दोन मशीनं राहिलीत," तो म्हणाला.

आम्ही विचारले, "मग?"

"मग काय, बुवा, परवा परत जाणार आहे. चोपदार आले नाहीत अजून. टाळ चालू आहे."

रामकृष्णहरि!